अष्टमीची बुडी

आजची तिथी आठवा आणि तिला पाऊणपट करा. येईल तो आकडा म्हणजे मुंबईच्या किनाऱ्यावर पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर तीनला, अष्टमी असेल तर सहाला, पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर सव्वाअकराला. दिवसाही आणि रात्रीही. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण होडी काढायला एवढा अंदाज पुरतो. याचं कारण आकाशात आहे. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्यामागून तेवढीच उशिरा येते. तिथी एकाने सरकली की भरती पाऊण तासाने सरकली.

मी मुलुंडला राहते. आमच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कालनिर्णय आहे, जसं ते अंधेरीत, बोरिवलीत, घाटकोपरमध्ये हजारो घरांत असतं. त्यावर दुधाचे खाडे लिहिलेले असतात, गॅस कधी लावला ती तारीख असते, संकष्टीचा चंद्रोदय असतो. समुद्राच्या पोटात पहिली स्कूबाची बुडी कधी मारावी, हेही त्याच पानावर छापलेलं असतं, हे मात्र मला फार उशिरा कळलं. 1973 साली हे कॅलेंडर सुरू करणारे जयंतराव साळगांवकर मूळचे मालवणचे. आणि महाराष्ट्रात बुडी मारायची तर तीही मालवणलाच मारायची असते. हा योगायोग असेल, पण मला तो फार आवडतो.

माझी पहिली बुडी चुकलेली होती. मे महिना, शनिवार, आदल्या रात्री अमावास्या. किनाऱ्यावर रांग, होडीत दाटी, सूचना दोन मिनिटांत संपलेल्या. पाण्याखाली दहा मिनिटं काढली त्यात हिरवा धुरळा दिसला, एक खडक अर्धवट दिसला आणि पुढच्या पर्यटकाचे पाय दिसले. वर आल्यावर एका वयस्कर नावाड्याने माझा चेहरा वाचला असावा. तो म्हणाला, "भांगाक येवा. तेव्हा पाणी निवळ आसता." मला वाक्याचा अर्थ कळला, भांग कळला नाही. तो कळला त्या दिवसापासून मी सुट्टी ठरवायची पद्धतच बदलली. नवख्या माणसाला स्वस्तात, गर्दी टाळून, निवळ पाण्यात पहिली बुडी मारायची असेल तर महागडं बेट शोधावं लागत नाही, दिवस शोधावा लागतो. तेवढ्यासाठी हा लेख.

भांग म्हणजे लहान भरती-ओहोटी. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात. दोघांची ओढ एकत्र होते आणि पाणी खूप चढतं, खूप उतरतं. हे उधाण. अष्टमीच्या सुमारास चंद्र सूर्याशी काटकोनात असतो, दोघं पाण्याला वेगवेगळ्या दिशांना ओढतात, आणि चढउतार निम्म्याहून कमी होतो. हा भांग. समुद्र आकाशाचं जरा उशिरा ऐकतो, म्हणून उधाणाचा आणि भांगाचा खरा जोर तिथीच्या एक-दोन दिवस नंतर असतो. आता विचार करा: सहा तासांत जेवढं पाणी खाडीत शिरायचं आणि पुढच्या सहा तासांत बाहेर पडायचं, तेवढा त्याला वेग हवा. वेग आला की तळाचा गाळ उठतो. भांगाच्या दिवसांत पाणी सावकाश येतं-जातं, गाळ बसतो, प्रवाह मंदावतो. नवख्या बुडीवाल्याला हव्या असलेल्या दोन्ही गोष्टी, दृश्यता आणि शांतता, एकाच तिथीत मिळतात.

मग पंचांगातली दुसरी गंमत लक्षात येते. आपले सण तिथीने येतात आणि भरतीही तिथीने येते. दिवाळीचं लक्ष्मीपूजन अमावास्येला, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत मालवणला झुंबड आणि समुद्राला उधाण, दोन्ही एकदमच. होळी पौर्णिमेला. महाशिवरात्र वद्य चतुर्दशीला, म्हणजे अमावास्येच्या उंबरठ्यावर, आणि त्या दिवशी शेजारच्या देवगड तालुक्यात कुणकेश्वरची मोठी यात्रा. ज्या सुट्ट्यांना लोक किनाऱ्यावर लोटतात, त्यांतल्या कितीतरी सुट्ट्यांना पाण्याखाली सगळ्यात कमी दिसतं! अष्टमी ते एकादशी हे चार दिवस बहुतेकांना नुसते दिवस वाटतात. महिन्यातून दोनदा ते येतात. सलग चार दिवसांत शनिवार-रविवार आले तरी दोनच, म्हणजे प्रत्येक खेपेला निदान दोन कामाचे दिवस मिळतातच. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत असे सहा-सात भांग येतात. एवढ्यातून एक निवडायचा.

पण मुंबईला तीन बाजूंनी समुद्र असताना बुडी मारायला पाचशे किलोमीटर दूर का जायचं? गोराईला नाही, मढला नाही, जुहूला नाही, हे असं का? इथे मला भूगोलाचं पुस्तक पुन्हा उघडावंसं वाटतं. भारताच्या पश्चिम किनाऱ्यासमोर समुद्रबूड जमिनीची एक उथळ बशी आहे. मुंबईसमोर ती सुमारे तीनशे किलोमीटर रुंद आहे आणि दक्षिणेकडे अरुंद होत जाते. खोल समुद्रातून येणारी भरतीची लाट या रुंद, उथळ बशीवर आली की उंचावते. म्हणून मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटर चढतं-उतरतं, वर खंबातच्या आखातात त्याहून कितीतरी जास्त, आणि मालवणला साधारण अडीच मीटरच. मुंबईचं पाणी म्हणजे दिवसातून दोनदा घुसळलं जाणारं ताक. त्यात ठाण्याची खाडी, मनोरीची खाडी, मालाडची खाडी आपापला गाळ ओततात. मुलुंड-घाटकोपरच्या पूर्वेला खाडीकाठी हिवाळ्यात रोहित पक्षी येतात ते याच गाळावर पोसतात; तेव्हा गाळाला नावं ठेवायचं कारण नाही. फक्त तो पक्ष्यांचा, माणसाच्या डोळ्यांचा नाही. मालवणला भरती लहान, तळाला खडक, आणि त्या खडकांना धरून प्रवाळ. 1987 साली इथलं 29 चौरस किलोमीटरचं सागरी क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर झालं.

आता पाण्याखाली काय होतं ते सांगते.

पाठीवरच्या टाकीला सगळे ऑक्सिजन सिलिंडर म्हणतात. त्यात ऑक्सिजन नसतो, म्हणजे नुसता नसतो. त्यात आपण आत्ता घेतोय तीच हवा असते, गाळून, कोरडी करून, दोनशे पट दाबाने कोंडलेली. अकरा-बारा लिटरच्या त्या नळकांड्यात बावीसशे लिटरच्या आसपास हवा मावते, एका मोठ्या कपाटाएवढी. या हवेचं वजन अडीच किलोहून जास्त भरतं. हवेला वजन असतं हे शाळेत पाठ केलं होतं. ते पाठीवर जाणवलं तेव्हा पटलं. बुडी संपत येते तेव्हा या अडीच किलोंतली बरीचशी हवा फुंकली गेलेली असते, टाकी हलकी झालेली असते, आणि माणूस आपसूक वर तरंगू लागतो. 1943 साली फ्रान्समध्ये जाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी जी झडप घडवली, तिच्यामुळे ही हवा मागितली तेव्हाच आणि आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाएवढीच मिळते. आपण ओढतो तेव्हा ती देते, थांबतो तेव्हा थांबते. पाण्याखालचा पहिला श्वास छातीला खरा वाटत नाही. दुसरा वाटतो.

दाबाचं गणित साधं आहे आणि तितकंच थरारक. समुद्रसपाटीला आपल्या अंगावर एका वातावरणाचा दाब असतो. पाण्यात दर दहा मीटरला एकेक वातावरण वाढतं. म्हणजे दहा मीटरवर दाब दुप्पट, वीस मीटरवर तिप्पट. फुगा दहा मीटरवर नेला तर निम्मा होतो. उलट, दहा मीटरवर भरलेला फुगा वर आणला तर दुप्पट होतो. वीसवरून दहावर येताना मात्र तो दीडपटच होतो. नीट पाहा: सगळ्यात मोठा बदल शेवटच्या दहा मीटरांत होतो, म्हणजे जिथे नवखी माणसं बुडी मारतात तिथेच. "पाचच मीटर तर आहे" हे वाक्य म्हणून धोक्याचं. फुगा म्हणजे आपली फुप्फुसं. खालची हवा छातीत कोंडून वर आलं तर ती फुगते आणि फुप्फुसाला इजा करते. स्कूबाचा पहिला नियम यातूनच आला आहे: श्वास कधीही रोखायचा नाही. विहिरीत बुडी मारताना लहानपणी जे शिकलो त्याच्या हे अगदी उलट आहे, आणि चांगल्या पोहणाऱ्याला ते शिकायला जास्त वेळ लागतो.

कानाचं तसंच. नाकाच्या मागून मध्यकर्णाकडे एक बारीक नळी जाते. घाट चढताना कान बंद होतात आणि आवंढा गिळला की उघडतात, ते तिच्यामुळे. पाण्यात पहिल्या दोन मीटरांतच कान दाटतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, कान मोकळा होतो, मग पुढचा मीटर. दुखेपर्यंत थांबायचं नाही. सर्दी असेल तर ती नळीच बंद असते. त्या दिवशी बुडी नाही, पैसे भरलेले असले तरी नाही.

आणि रंग! पाणी आधी लाल रंग गिळतं. पाच-सात मीटरवर लाल टिकली तपकिरी दिसू लागते, आणखी खाली काळसर. बोटाला खरचटलं तर निघणारं रक्त खोल पाण्यात हिरवट दिसतं. मासळीबाजारात जी तांबोशी लालबुंद झळकते, ती स्वतःच्या घरात राखाडी सावली असते. इतका भडक रंग तिला का, याचं उत्तर मला पाण्यात मिळालं: तिथे तो रंग भडक नसतो, तो लपण्याचा रंग असतो. प्रशिक्षकाने टॉर्च लावला की क्षणभर सगळं पेटतं, नारिंगी, जांभळं, शेंदरी. टॉर्च विझला की पुन्हा निळं-हिरवं. मुखवट्याच्या काचेतून मासा एक तृतीयांशाने मोठा दिसतो, म्हणून वर आलेला प्रत्येक जण खरं बोलत असूनही मासा मोठाच सांगतो.

आवाजाची गोष्ट कुणी आधी सांगितलीच नव्हती. मला वाटलं होतं खाली शांतता असेल. खाली सतत तडतड असते, तेलात मोहरी टाकल्यासारखी. खडकाच्या भेगांत राहणाऱ्या बोटभर कोळंबीसारखे जीव आपला एक मोठा नांगा इतक्या वेगाने मिटतात की पाण्यात बुडबुडा तयार होतो आणि तो फुटल्याचा तो आवाज. हजारो जीव, अखंड फोडणी. आणि ती कुठून येते ते कळत नाही, कारण पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने धावतो, सेकंदाला दीड किलोमीटर. तो दोन्ही कानांत जवळजवळ एकाच वेळी पोचतो आणि दिशा ओळखायची मेंदूची युक्ती निकामी होते. आवाज सगळीकडून येतो, जणू स्वतःच्या डोक्यातून.

मला सगळ्यात मोठं नवल मात्र श्वासाचं वाटतं. वजन बरोबर बांधलेलं असलं की माणूस पाण्यात अधांतरी राहतो. मग एक लिटर हवा जास्त घेतली की शरीर तेवढ्याच पाण्याला बाजूला सारतं आणि किलोभर हलकं होतं. हळूच वर जातं. सोडली की खाली. हात मारायचे नाहीत, पाय झाडायचे नाहीत. खडक समोर आला, श्वास घेतला, त्याच्यावरून तरंगत पलीकडे. माझी आई प्राणायामाला बसते तेव्हा तिचा श्वास तिला स्थिर करतो. इथे तो अक्षरशः वर-खाली नेतो. हे जमायला मला चार बुड्या लागल्या. दहा मिनिटांच्या डुबकीत हे येत नाही, आणि म्हणूनच पुढचं लिहिते आहे.

मालवणात दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने विकल्या जातात. एक म्हणजे झटपट डुबकी: हजार-दीड हजार रुपयांच्या आसपास, दहा-पंधरा मिनिटं, चार-पाच मीटर, प्रशिक्षक तुमच्या पाठीला धरून नेतो, फोटो आणि व्हिडिओ मिळतो. पोहता आलं नाही तरी चालतं. दुसरी म्हणजे शिक्षण: ओपन वॉटर कोर्स, तीन-चार दिवसांचा, आधी तलावात, मग समुद्रात चार बुड्या. दहा वर्षांवरच्या मुलांनाही तो करता येतो. प्रमाणपत्र मिळालं की मोठ्यांना जगात कुठेही जोडीदाराबरोबर अठरा मीटरपर्यंत जाता येतं, आणि ते आयुष्यभर चालतं. खर्च पंचवीस ते पस्तीस हजारांच्या घरात. रक्कम मोठी आहे, मी नाकारत नाही. पण अंदमानच्या विमानभाड्यात आणि तिथल्या हॉटेलांत जेवढे जातात त्याच्याशी ती ताडून पाहा. माझं मत विचाराल तर पैसे साठवून कोर्सच करावा. डुबकीत तुम्हाला समुद्र दाखवतात; कोर्सनंतर तो तुम्ही पाहता.

मालवणला लागूनच तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, इसदा या नावाने ओळखली जाते, 2015 पासून. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांनी ती उभी करण्यात पुढाकार घेतला. किनाऱ्यावरच्या कितीतरी गाबीत तरुणांनी, ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जाळी विणली गेली, तिथे या विद्येचे धडे घेतले. हा बदल मला फार मोलाचा वाटतो: जो माणूस माशाला नावाने, वेळेने आणि चवीने ओळखतो तोच आता तुम्हाला तो मासा जिवंत दाखवतो.

कुणाबरोबर जायचं हे ठरवताना दरपत्रक नंतर बघा, आधी विचारा. समुद्रात नेण्याआधी उथळ पाण्यात किती वेळ शिकवणार? एका प्रशिक्षकामागे किती जण? त्याचं प्रमाणपत्र कुठलं? आरोग्याचा फॉर्म भरून घेता का? होडीवर सगळ्यांना लाइफ जॅकेट आहे का, आणि प्राणवायू आहे का? टाकीत साधी हवा असते असं मी वर लिहिलं, पण होडीवर शुद्ध प्राणवायू हवाच, कारण बुडीतल्या अपघातावर तोच पहिला उपचार. दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया यांतलं काही असेल तर लपवू नका. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जा. 24 मे 2022 रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा जीव गेला. मेचा शेवट म्हणजे पावसाळ्याआधीचा खवळता समुद्र. त्या दिवसांत कुणी कितीही स्वस्त सांगितलं तरी जाऊ नये.

पाण्यात उतरायची वेळ सकाळची. भूगोलातले मतलई आणि खारे वारे आठवतात ना? रात्री जमीन थंड होते, वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि पहाटे किनाऱ्याजवळचं पाणी सपाट असतं. दुपारी खारा वारा सुटतो, लाटा उठतात. नऊची होडी आणि तीनची होडी यांत दोन वेगळे समुद्र भेटतात. मालवणचं पाणी अंदमानसारखं नितळ नसतं, चांगल्या दिवशी पाच-आठ मीटर दिसतं. पण नवख्याला पाहायचं असतं ते हाताच्या अंतरावर: खडकाला चिकटलेलं समुद्रफूल, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा, कपारीतून रोखून बघणारा हेकरू, आणि घुमटासारखे वाढलेले प्रवाळ. प्रवाळ हा प्राणी आहे, त्याच्या पेशींत सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उन्हात अन्न करतं आणि घरभाडं म्हणून निम्म्याहून जास्त अन्न यजमानाला देतं. त्याला हात लावू नका, त्यावर पाय टेकू नका, माशांना बिस्किटं घालू नका. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, वाघाच्या पंगतीला.

आणि पाण्यातून डोकं वर काढलं की समोर सिंधुदुर्ग. 25 नोव्हेंबर 1664 रोजी कुरटे बेटावर त्याची पायाभरणी झाली. चहूकडे खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. हे दृश्य कुठल्याही परदेशी बेटावर मिळणार नाही.

जायचं कसं? मुलुंड, घाटकोपर, भांडुपच्या माणसाने ठाण्याला कोकणकन्या धरावी. रात्री निघून सकाळी कुडाळ, तिथून मालवण तासाभरावर. स्लीपरचं तिकीट चारशेच्या आसपास. बोरिवली-अंधेरीकरांसाठी 29 ऑगस्ट 2024 पासून वांद्रे-मडगाव गाडी आहे, बोरिवलीला थांबून वसईमार्गे कोकणात उतरणारी, आठवड्यातून दोनदा. कोकणकन्येने रविवारी रात्री निघा आणि शुक्रवारी परत या. गर्दी तुम्हाला उलट दिशेने जाताना दिसेल. दिवाळी, नाताळ ते नववर्ष, 26 जानेवारीचा जोडून आलेला शनिवार-रविवार टाळा. आणि आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा कधी आहे ते आधी विचारा. ती तिथीने ठरत नाही, त्यामुळे कॅलेंडरवरून अंदाज येत नाही, आणि त्या आठवड्यात कोकणच्या गाडीत मुंगी शिरायलाही जागा नसते.

परतीच्या प्रवासाची एक गोष्ट मला फार सुंदर वाटते. दाबाखाली श्वास घेतल्यावर हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळतो आणि हळूहळू बाहेर पडतो. तो पडायच्या आत उंचावर गेलं तर सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यासारखे बुडबुडे होतात. म्हणून एका बुडीनंतर निदान बारा तास, अनेक बुड्यांनंतर निदान अठरा तास विमान वर्ज्य. सहाशे मीटरवरचा घाटही तसाच; आंबोली सुमारे 690 मीटरवर आहे, तेव्हा सकाळी बुडी मारून संध्याकाळी कोल्हापूरला गाडी काढू नये. कोकण रेल्वे मात्र सह्याद्री न चढता समुद्राशी सलगी ठेवून मुंबईला येते. सगळ्यात स्वस्त वाट हीच बुडी मारलेल्या शरीराला सगळ्यात मानवणारी वाट आहे.

मालवण जमलं, प्रमाणपत्र हाती आलं, की पुढची ठिकाणं आपोआप उघडतात. मुरुडेश्वरसमोरचं नेत्राणी बेट, त्याच कोकण रेल्वेवर, पाणी मालवणपेक्षा निवळ. गोव्याचं ग्रँड आयलंड, बुडालेल्या जहाजांसाठी. गर्दी मात्र मोठी. निवती रॉकजवळ 'आयएनएस गुलदार' ही 1985 साली नौदलात आलेली आणि 2024 साली निवृत्त झालेली युद्धनौका समुद्रतळी ठेवून तिच्यावर कृत्रिम प्रवाळभिंत वाढवायचा राज्याचा प्रकल्प आहे. आणि विजयदुर्गपासून शंभरएक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखलं जाणारं आंग्रिया बँक, वीस मीटर खोलीवर माथा असलेलं बुडालेलं प्रवाळपठार. तिथे नवख्याने जायचं नसतं. पण ते तिथे आहे, आपल्याच किनाऱ्यासमोर, एवढं माहीत असलं तरी मला रात्री बरं वाटतं.

तोवर पोहायला शिका. कोर्सला दोनशे मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं लागतं. अंधेरीचं शहाजीराजे संकुल, मुलुंडचं प्रियदर्शनी संकुल, कांदिवलीचा सरदार पटेल तलाव, महापालिकेचे हे तलाव खासगी क्लबांपेक्षा कितीतरी स्वस्त आहेत. आणि उधाणाचे दिवस वाया घालवू नका. मालवणला ज्या तिथी नकोत त्याच जुहूला हव्यात: अमावास्या-पौर्णिमेला ओहोटी खोल जाते, पाणी मागे सरतं आणि एरवी झाकलेले खडक उघडे पडतात. प्रदीप पाताडे आणि त्यांच्या सोबत्यांनी 2017 साली सुरू केलेल्या 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमाने शेकडो मुंबईकरांना तिथे नेऊन समुद्रफुलं, गोगलगायी, खेकडे दाखवले आहेत. घोट्याएवढ्या पाण्यात, चप्पल न काढता, लोकल किंवा मेट्रोच्या तिकिटात. ही तुमची पहिली बुडी समजा.

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. तेव्हा कॅलेंडरची दोन पानं पुढे उलटा, नोव्हेंबर ते फेब्रुवारीमधली कामाच्या दिवशी आलेली एखादी अष्टमी शोधा, आणि दुधाच्या खाड्यांशेजारी तिथे एक लहानशी खूण करून ठेवा.